परके अक्रोड

रुईलानने सासऱ्यांचा उजवा हात टॉवेलवर उताणा ठेवला, त्यात दोन अक्रोड ठेवले आणि त्यांची बोटं एकेक करून वरून मिटवली.

"फिरवा बाबा."

बाबांनी मान खाली घालून हाताकडे पाहिलं. मोतीबिंदूमुळे त्यांना आता रंग तेवढे धूसर दिसत. अक्रोड एकमेकांना घासत, अडखळत फिरले. एक निसटला आणि मांडीवरच्या टॉवेलवर पडला. रुईलानने तो पुन्हा हातात दिला. तिचं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होतं, पण चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तिने सुस्कारा सोडला. सुटले म्हणून की धसका घेऊन, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

ते अक्रोड बाबांचे नव्हते.

बाबांचे अक्रोड स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे, एका फडक्यात गुंडाळून ठेवले होते. ट्रॉलीबस चालवायचं संपलं त्या वर्षी त्यांनी ती जोडी घेतली, इथले म्हातारे तळहातात फिरवत बसतात तशी. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेल्या हातांना रिकामं बसवेना. तेव्हापासून बागेत, रांगेत, टीव्हीसमोर, अगदी भांडण चाललेलं असतानाही अक्रोड हातात. तळहाताचा घाम पिऊन पिऊन ते पिकल्या बोरासारखे तांबूस झाले होते. दर नोव्हेंबरात बीजिंगच्या घरांतले हीटर सुरू व्हायच्या आधी बाबा स्वतः ते पिशवीत बांधून मागच्या थंड खोलीत ठेवत. कोरड्या गरम हवेत अक्रोड तडकतो हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण या वर्षी हीटर सुरू झाले तेव्हा बाबा अर्धांगाच्या झटक्याने इस्पितळात होते. आणि घरी आल्या आल्या त्यांना समोर दिसावेत, बरं वाटावं, म्हणून रुईलानने अक्रोड पलंगाजवळच्या खिडकीत मांडून ठेवले होते. बरोबर हीटरच्या वर. सकाळी पाहते तो एका अक्रोडाला देठापासून टोकापर्यंत चीर गेलेली.

तिचा नवरा होंगताओ जुन्या वस्तूंच्या बाजारात गेला आणि तेवढ्याच आकाराची, तशाच रंगाची जोडी घेऊन आला.

"त्यांना कळलं तर?" तिने विचारलं होतं.

"कशाने कळणार? डोळ्यांना दिसत नाही आणि हाताला काही लागत नाही."

बिचारा तिला धीर द्यायला म्हणून बोलला होता. पण ते शब्द तिच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकून बसले.

व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईही तेच म्हणायच्या, फक्त गोड भाषेत. हात हलायला लागलाय, चांगलं आहे, पण स्पर्श यायला हवा. आला तर या पहिल्या दिवसांतच येतो, नाहीतर मग कठीण असतं. त्या रुमालाखाली बाबांच्या हातात कधी किल्ली द्यायच्या, कधी बटण, कधी शेंगदाणा, आणि काय आहे ते विचारायच्या.

"कापूस," बाबा म्हणायचे. "सगळा कापूसच आहे. दुसरं काहीतरी आणा की एकदा."

बाई हसायच्या. बाबाही हसायचे आणि मग संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. ज्या हाताने माणूस चहाचा पेला उचलतो, शर्टाचं बटण लावतो, तो हात आपल्याच अंगाला चिकटलेला परका तुकडा झाला, तर बाबा जगतील, पण बाबा राहणार नाहीत, असं रुईलानला वाटे. म्हणून आता ती दिवसभर कान अक्रोडांच्या आवाजाकडे लावून बसायची. बाबांना बदल कळला तर तिची लबाडी उघडी पडणार होती. नाही कळला, तर हात गेला. आणि रोज दुपारी जेवणाच्या वेळी तिने हात पुढे केला की बाबा ते अक्रोड निमूटपणे तिच्या तळव्यात ठेवत होते, जणू काही झालंच नाही.

त्या दिवशी सकाळी ग्वान काका आले. बाबांचे बागेतले सोबती. त्यांच्या खिशात त्यांची स्वतःची जोडी कायम खुळखुळत असे.

"काय रे लुआन, राजासारखा पडून आहेस. सूनबाई भरवते वाटतं चमच्याने?"

"जळतोस कशाला, ग्वान्या? तुझी सून दारातही उभी करत नाही तुला."

"म्हणून तर इथे येतो. दाखव, तुझ्या बकरीच्या लेंड्या किती चकाकल्या ते."

रुईलानने बाबांच्या हाताकडे पाहिलं. नाही म्हणायला कारण सुचेना. तिने बाबांच्या हातातून अक्रोड घेतले आणि काकांपुढे धरले. काकांनी दोन्ही हात मागे घेतले.

"टेबलावर ठेव, सूनबाई. दुसऱ्याची वस्तू हातातून हातात घेत नसतात. मधल्यामधे पडली तर कुणी पाडली म्हणून जन्माचं भांडण."

तिलाही ते ठाऊक होतं, गडबडीत विसरली होती. घरात ती सवयच नव्हती. आपल्या माणसांत टेबल कशाला लागतं, असं म्हणून बाबा तोंड धुवायला उठले की आपले अक्रोड थेट तिच्या हातात टाकायचे, अगदी ती लग्न होऊन आली तेव्हापासून. तिने अक्रोड टेबलावर ठेवले. काकांनी ते उचलले, फिरवले, उजेडाकडे नेले आणि मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रुईलानने मान खाली घातली.

"अजून लेंड्याच आहेत," काका मोठ्याने म्हणाले आणि अक्रोड परत टेबलावर ठेवले.

ती त्यांना दारापर्यंत सोडायला गेली.

"काका, मी सांगणारच होते…"

"मी काही बोलत नाही, पोरी." काकांनी टोपी कानांवर ओढली. "पण इतक्या वर्षांत लुआनला कुणी बनवलेलं मी पाहिलं नाही. आता या बाबतीत तो फसला, तर मला घरी जाऊन जेवण जाणार नाही."

ते गेल्यावर ती जरा वेळ दाराशीच उभी राहिली. आतून अक्रोडांचा आवाज येत होता. बाबांनी टेबलावरून ते आपणच घेतले होते. आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला, फार सावकाश, आणि पुन्हा थांबला. तिने आत डोकावलं नाही. बघायची छातीच झाली नाही.

दुपारी ती राळ्याची पेज आणि वाफवलेला कोबी घेऊन गेली. वाडगा ठेवला, टॉवेल सारखा केला आणि रोजच्यासारखा तळवा पुढे केला.

"द्या बाबा. गरम आहे तोवर खाऊन घ्या."

बाबा आज हाताकडे बघत नव्हते. ते खिडकीबाहेर बघत होते. अंगठा एका अक्रोडावरून खाली आला, वर गेला, एका खाचेत थबकला. मग त्यांनी हात उचलला. तिच्या पसरलेल्या तळव्याला वळसा घालून तो पुढे गेला आणि त्यांनी अक्रोड टेबलावर ठेवले. आधी एक, मग दुसरा. मग हात परत मांडीवर घेतला.

रुईलानचा तळवा तसाच हवेत राहिला. तिची कानशिलं तापली, डोळे भरून आले, आणि त्या शरमेच्या तळाशी इतका आनंद होता की तिला स्वतःचीच लाज वाटली. ती स्वयंपाकघरात गेली. पिठाच्या डब्यामागून फडकं काढताना गाठ सुटेना, ती तिने दातांनी सोडवली. परत येऊन तिने तडकलेला अक्रोड बाबांच्या उजव्या हातात ठेवला. थेट हातात.

बाबांनी डोळे मिटले. अंगठा गोल फिरत चिरेपाशी आला आणि अडखळला.

"हीटर?"

"हो. खिडकीत मीच ठेवले होते."

बोलणी खायला ती तयार होती. या घरात पहिल्यांदाच तिला ती हवी होती. पण बाबांचा अंगठा चिरेच्या धारेवरून मागे-पुढे जात राहिला. मग तिथेच थांबला आणि त्यांनी तो दाबला, आणखी जोरात दाबला. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"टोचतंय," ते म्हणाले.

"काढून घेऊ का, बाबा?"

"नको." त्यांनी बोटं मिटली. "राहू दे."