दोघांच्या ओळखीची जागा

फोटोग्राफर बाईंची एक अट होती आणि त्या अटीपुढे भलेभले नमत. लग्न ठरलेल्या जोडप्याचे फोटो त्या बागेत काढत नसत, कारंज्यापाशी काढत नसत, आणि मावळता सूर्य तळहातावर धरायचाय म्हणणाऱ्यांना तर दारातूनच वाटेला लावत. जागा जोडप्यानं शोधायची. जिच्याशी दोघांचं काही नातं आहे, अशी. तिथे गेल्यावर बाई 'इथे उभे राहा, असे हसा' असलं काही सांगत नसत. तुम्ही पुढे चाला, मी मागून येते, पाय थांबतील तिथे फोटो. एवढंच.

धाकटीनं खाण निवडली.

धाकटी म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी मुलगी. थोरला भाऊ होता म्हणून ती धाकटी. तो गेला तरी नाव तेच राहिलं. आता ती कुणापेक्षा धाकटी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आणि ती खाण म्हणजे शहराबाहेरची, बंद पडलेली, पाण्यानं भरलेली दगडाची खाण. तीन वर्षांपूर्वी दादा तिथेच गेला. बुडाला, असं धाकटी म्हणायची. त्यानं जीव दिला, असं बाकीचे म्हणायचे, आणि त्यांच्यात आई सगळ्यात पुढे.

आईला तसं वाटायला कारण होतं. त्या सकाळी दादानं तिसरी नोकरी सोडल्याचं कळलं आणि आईच्या रागाचा पारा चढला. "जा, मर कुठेतरी, पण माझ्या डोळ्यांसमोरून जा," असं ती बोलून गेली. आता रागाच्या भरात कुठली आई असलं बोलत नाही? सकाळी बोलते आणि संध्याकाळी गरम गरम वाढते. या आईच्या नशिबी ती संध्याकाळ आली नाही. खाणीच्या काठावर दादाचे बूट सापडले आणि शेजारी शर्ट, नीट घडी घातलेला. ज्यानं जन्मात कधी रुमालाची घडी घातली नाही, त्यानं मरताना शर्टाची घातली. पोरानं माझा निरोप घेतला, आई म्हणाली, आणि तिच्यासाठी विषय तिथेच संपला. तेव्हापासून तिचा आवाज कधी चढला नाही. दोन घास खाल्ले की ताट सरकवायची. आल्यागेल्याला, अगदी सिलिंडर घेऊन येणाऱ्यालाही सांगायची, "माझ्या जिभेनं खाल्लं हो त्याला." तीन वर्षं हे ऐकून धाकटीचं काळीज दगड व्हायचं राहिलं ते एका माणसामुळे.

तो माणूस म्हणजे बटण. दादाचा जिवलग मित्र. लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून दादानंच त्याला ते नाव ठेवलेलं. दादा गेल्यावर इतर मित्र तेराव्या दिवसापर्यंतही टिकले नाहीत. बटण मात्र रोज आला. आईची औषधं त्यानं आणली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तो रात्रभर बाकावर बसला, गळका नळ, सैल बिजागरी, सगळं त्याच्याच हातचं. पोटच्या पोरानं केलं नसतं इतकं केलं. रडणाऱ्या घरात रोज न चुकता येणाऱ्या माणसावर जीव जडायला कितीसा वेळ लागतो? लग्न ठरलं तेव्हा तीन वर्षांत पहिल्यांदा आईनं ताट पुसून खाल्लं. आता मला काकू म्हणू नकोस, आई म्हण, असं तिनं बटणला बजावलं. त्याच्या तोंडी मात्र काकूच बसलं होतं.

खाणीचं नाव काढताच बटणच्या तोंडचं पाणी पळालं. बसस्टॉपवर काढू, गच्चीवर काढू, नाहीतर तुझ्या दुकानासमोर काढू. त्यानं जागांची रांगच लावली. म्हणाला, जी जागा मी जन्मात पाहिलेली नाही, तिथे माझा कसला फोटो? घरात कुणालाही ते पटण्यासारखंच होतं. दादा गेला त्या दुपारी बटण शहराच्या दुसऱ्या टोकाला अकराव्या मजल्यावरच्या लिफ्टला लोंबकळत होता, दोर हातात असतानाच त्याला फोन आला. त्याच्या तोंडची ही हकिकत घरात सगळ्यांना पाठ होती. नंतरही त्याचं पाऊल तिकडे कधी पडलं नाही. धाकटीही कधी गेली नव्हती.

पण तिनं हट्ट सोडला नाही. दादा दर रविवारी तिथे जाऊन बसायचा, ती त्याची आवडती जागा, आणि आपल्याला एकत्र आणलं ते त्यानंच. शिवाय तिच्या मनात आईचा विचार होता. आईनं ते पाणी निदान फोटोत एकदा तरी बघावं, आणि त्याच्या काठावर आपली दोन माणसं धडधाकट उभी दिसावीत. आईला विचारलं तेव्हा तिनं समोरचं ताट सरकवलं. मग म्हणाली, जा, आणि त्याला सांगा, आईचं चुकलं.

रविवारी दुपारी चारला ती दोघं आणि बाई खाणीवर पोचली. समोर ट्रकांचा जुना रुंद रस्ता होता, सरळ पाण्याच्या दिशेनं जाणारा. डाव्या हाताला खडी फोडायच्या यंत्राची गंजलेली शेड, आणि तिच्या मागे नुसतं कमरेएवढं गवत. बाईंनी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि चला म्हणाल्या.

बटणनं धाकटीचा हात धरला. त्याचा हात घामानं ओला होता. आपल्याइतकंच यालाही जड जातंय, असं वाटून तिला भरून आलं. दोघंही खाली मान घालून चालत होती. रुंद रस्ता सोडून तो शेडच्या मागे वळला, गवत हातानं बाजूला सारून खाली उतरू लागला. तीही त्याच्यामागून. गवताखाली कुणी कधीकाळी खोदलेल्या पायऱ्या होत्या, पावलाला लागत होत्या, दिसत नव्हत्या.

"सांभाळ," तो म्हणाला, "इथला दगड हलतो. पाय पलीकडे टाक."

तिनं पाय पलीकडे टाकला. दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक बोटानं ओळखणारी मुलगी ती. मागे फिरून तिनं त्या दगडावर टाच दाबली. दगड डुगडुगला, सुटला आणि खडखडत खाली पाण्यात गेला.

"तुला कसं माहीत?"

बटण तिथेच पायरीवर टेकला. त्याचा चेहराच सगळं बोलत होता. वर उभ्या असलेल्या बाईंनी कॅमेरा खाली केला. आज उजेड बरोबर नाही, असं म्हणून त्या निघून गेल्या. ऊन चांगलं लख्ख पडलं होतं.

मग तीन वर्षं तोंडात धरलेली मिठाची गुळणी बटणनं तिथे बसून टाकली. त्या दुपारी कामावरून निसटून तो दादाबरोबर खाणीवर आला होता. पहिल्यांदाच नव्हे, नेहमीच यायचा. वरच्या कड्यावरून उडी मारून दाखव, तर तुला मानलं, असं तोच चेष्टेत म्हणाला. दादा हसत हसत उडाला. वर आलाच नाही. बटणला पोहता येत नव्हतं. ओरडला, रस्त्यापर्यंत धावला, कुणी भेटलं नाही, परत आला. पाणी स्थिर झालं होतं. काय करावं सुचेना, हात काहीतरी मागत होते, म्हणून त्यानं दगडावर फेकलेला शर्ट उचलला आणि त्याची घडी घातली. बूट जोडीनं ठेवले. मग कामावर परत गेला. उद्या सांगू म्हणाला. पण दुसऱ्या दिवशी आई त्या घडीवर डोकं टेकून बसलेली होती. मग रोज उद्या सांगू, रोज उद्या.

धाकटीला रडू आलं नाही. तिला एकच विचारायचं होतं. "सकाळच्या भांडणाचं काही बोलला का तो?"

"म्हणाला, म्हातारी आज फार तापलीय, जाताना तिच्यासाठी काहीतरी गोड घेऊन जाऊ. हसत होता."

"हे तिला सांग," धाकटी म्हणाली. "माझं काय व्हायचं ते होऊ दे. आधी तिला सांग."

आणि खरं सांगायचं तर बटणनं ते केलं. त्याच पावली घरी येऊन आईच्या पायाशी बसला आणि सगळं सांगितलं. पैज, उडी, घडी, काही लपवलं नाही. सांगताना तो ओक्साबोक्शी रडला. आई त्याच्याकडे बघत राहिली. धाकटी श्वास रोखून उभी होती. तीन वर्षांचं ओझं आता या बाईच्या मानेवरून उतरणार, मग तिनं बटणला फोडून काढलं तरी चालेल, पोलिसांत दिलं तरी चालेल, असं तिला वाटत होतं.

आईनं बटणच्या केसांवरून हात फिरवला.

"किती जीव लावतोस रे मला," ती म्हणाली. "अकराव्या मजल्यावर होतास तू. दोर हातात होता. तूच नाही का सांगितलंस? आज ते पाणी बघून आलात आणि दोघांनी मिळून हे रचलंत, म्हातारीला शांत झोप लागावी म्हणून. घडीचंसुद्धा कसं बरोबर बसवलंत. पण मला माहीत आहे ना, मी काय बोलले ते."

धाकटी म्हणाली, हे रचलेलं नाही, खरं आहे. आईनं नुसती मान हलवली. मग धाकटी बटणला म्हणाली, पुन्हा सांग. शप्पथ घेऊन सांग. हजारदा सांगावं लागलं तर हजारदा सांग.

बटणनं तिच्याकडे पाहिलं, मग आईच्या हाताकडे, जो अजून त्याच्या डोक्यावर होता. त्याचे खांदे हळूच सैल झाले. लांब श्वास सुटला त्याचा. वाचलेल्या माणसाचा सुटतो तसा.

"जाऊ दे आता," तो म्हणाला. "आईंना त्रास होतोय."

पहिल्यांदाच आई म्हणाला तिला.

धाकटीनं लग्न मोडलं. खाणीवर जे ऐकलं त्यासाठी कदाचित तिनं त्याला माफही केलं असतं, ते तिचं तिलाच ठाऊक. त्या श्वासासाठी मात्र नाही. आईला ती आजही सांगते, रविवारी, जेवताना, पुन्हा पुन्हा, की दादानं जीव दिला नाही. आई ऐकून घेते आणि दोन घासांवर ताट सरकवते. शेजारीण आली की आई आवाज न चढवता तिला सांगते, "दोन पोरं होती मला. एक माझ्या तोंडानं घालवला, दुसरा हिनं."