नववी गाठ

बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर देवमन सहा वर्षं हंगामीच होता. काम गाठींवरचे मार्के वाचायचं. अमरावतीच्या प्रेसमधून कापसाच्या गाठी यायच्या. तरटावर जवसाच्या तेलात खललेल्या काजळीनं सूर्य काढलेला असला तर गाठ मुंबईच्या डब्यात, कमळ असलं तर नागपूरच्या. पण गाठी एकमेकींना घासत यायच्या आणि काजळी वाटेतच उडायची.

त्या दिवशी तीन वाजता अकोल्याहून तपासणीचे साहेब यायचे होते. त्यांच्या शेऱ्यावर देवमनची कायम नोकरी अडलेली. माणूस सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. मालबाबू खुशालराव त्याला म्हणालेही, की बाप्पा, साहेब येईपर्यंत चपलीचा तळ तरी राहू दे.

हातातल्या बॅटरीवर मात्र देवमनचा जीव. डोकं फिरवून झोत कधी आवळायचा, कधी पसरायचा, हे त्याच्या बोटांना पाठ. झोत समोरून मारला तर तरट नुसतं चकाकतं. गाठीच्या कुशीला बॅटरी टेकवून तिरपा धरला, काचेवर पिवळा पतंगी कागद लावला, की मेलेला मार्काही वर येतो. एवढं करूनही काही दिसलं नाही तर त्याची आणखी एक युक्ती होती, ती तो कोणाला सांगत नसे. एका मार्क्याच्या गाठी प्रेसमधून ओळीनं यायच्या, म्हणून न दिसणाऱ्या गाठीला शेजारणीचं कुळ लावून टाकायचं, तिचाच मार्का लिहायचा. सहा वर्षांत ती कधी चुकली नव्हती. निदान चुकलेली कोणी पकडली नव्हती.

आजच्या गाठी सव्वीस. बिल्टीवर वीस सूर्य, सहा कमळं. दोनपर्यंत पंचवीस लिहून झाल्या: वीस सूर्य, पाच कमळं. सूर्याच्या वीस मुंबईच्या डब्यात गेल्या, दाराला शिशाचं सीलही बसलं. उरली सव्विसावी. तिच्यावर बॅटरी चारी बाजूंनी फिरली, काही उमटेना.

खुशालरावांनी बिल्टी दाखवली. हिशेबानं ती कमळच. लिही आणि मोकळा हो. देवमननं टाकही उचलला.

धक्क्यावर सांडलेला कापूस वेचणारी सुंदराबाई तिथंच टेकली होती. प्रेसमध्ये दहा वर्षं मार्के रंगवून तिचे हात काळे झालेले. “देवमनभाऊ, दिवा काहून दाखवून राहिले तिले?” ती म्हणाली. “पाणी पाजा.”

तिनं आग विझवायला टांगलेली लाल बादली काढली आणि ओंजळभर पाणी गाठीवर मारलं. तरट भिजून काळपट झालं. तेल मुरलेली जागा तेवढी भिजली नाही. त्या कोरड्या जागेत हळूहळू एक गोल दिसला आणि त्याला किरणं फुटली.

सूर्य. एकविसावा.

खुशालरावांनी बिल्टी पुन्हा मोजली. देवमनला मोजायची गरज नव्हती. नववी गाठ त्याच्या डोळ्यांपुढे उभी होती: दोन सूर्यांच्या मधली, मार्क्याची एक रेघही न उरलेली, शेजारणीचं कुळ लावलेली.

“गाठीची लोखंडी पट्टी तुटली की प्रेसात ती पुन्हा दाबतेत,” सुंदराबाई म्हणाली. “मंग जागा भेटंन तिथं घुसवतेत. थे का रांग पायते?”

खुशालरावांनी आवाज उतरवला. सील बसलंय. सव्विसावीला कमळ लिहायचं; गिरणीवाले आपसात निस्तरतील. सील फोडायचं तर साहेबांसमोर, आणि मग शेरा काय पडेल हे देवमननं सांगावं.

देवमननं घड्याळ पाहिलं, सील पाहिलं, दारापर्यंत जाऊन परत आला. खिशातली बॅटरी उगाच पेटवली, विझवली. साहेब तीनला दहा कमी असतानाच आले. सव्वीस ओळींची स्वच्छ यादी पाहून खूश झाले. शेवटची ओळ कोरी होती; ती का, असं त्यांनी विचारलं.

“साहेब, मुंबईचं सील फोडा लागते,” देवमन म्हणाला. “नववी गाठ म्या वाचली नाही. लिवली.”

साहेबांनी खुशालरावांकडे पाहिलं. खुशालराव बिल्टी वाचण्यात गढले होते. सील फुटलं, गाठ बाहेर ओढली. देवमननं बादली स्वतः उचलली. घाईत निम्मं पाणी साहेबांच्या बुटांवर सांडलं.

तरटावर पाकळ्या उमटल्या. साहेब वाकून बघत राहिले. मग त्यांनी यादी मागितली, नववी ओळ स्वतः खोडली आणि बाकीच्या एकोणीस सूर्यांकडे बोट केलं.

“यातल्या वाचल्या किती, लिहिल्या किती?”

“आणखी तीन लिवल्या, साहेब.”

“मग भरा बादली,” साहेब म्हणाले, आणि शेऱ्याचा कोरा कागद घडी घालून खिशात ठेवला. ओले बूट काढून ते गाठीवर बसले.