पाय पाहणारा माणूस

तेल्हाऱ्याच्या बाजारात बैलजोडी घ्यायची तर पंजाबरावांना सोबत न्यावं, असा आसपासच्या गावांचा रिवाज. बाकीचे दात मोजतात, शिंगं कुरवाळतात. पंजाबराव उकिडवे बसतात, खुरांकडे बघतात, बैल वीस पावलं चालवून घेतात आणि मग काय ते बोलतात. असा माणूस शेजारच्या डोमाजीच्या ऐकीव गोष्टीवर भरवसा ठेवेल, असं कुणाला वाटलं नसतं. पण प्रकरण पोरीचं होतं.

पोरगी पौर्णिमा. अमरावतीला आत्याकडे, म्हणजे पंजाबरावांच्या बहिणीकडे, सुभद्रेकडे राहून अकरावी करत होती आणि रोज संध्याकाळी बॅलेच्या क्लासला जात होती. बॅले म्हणजे काय, हे पंजाबरावांनी एकदाच विचारलं होतं. "पायांचा नाच हाये बाबा," ती म्हणाली. पाय म्हटल्यावर त्यांची हरकत संपली.

डोमाजी अमरावतीला जात होता, म्हणून त्याच्याजवळ सुभद्रेसाठी तुरीची डाळ दिली. ती पौर्णिमेच्या हाती द्यावी म्हणून तो क्लासच्या जिन्यात तिची वाट पाहत थांबला आणि दाराआडून जे कानावर पडलं ते घेऊन गावी आला.

"भाऊ, पोट्टी बारवर होती."

"कुठं?"

"बारवर. मॅडम म्हने, 'पौर्णिमा, बार सोडू नको.' मंग म्हने, 'पी लिये.' पोट्टी चूप. मंग म्हने, 'अजून एक, पी लिये!' अशा आठ खेपा. म्या मोजल्या ना!"

डोमाजीचा आकडा कधी चुकत नाही; वस्तू चुकते.

त्याच आठवड्यात पौर्णिमेचा फोन आला होता. मुंबईच्या एका नृत्यशाळेत शनिवारी निवड होती. तिथं घेतलं तर तीन वर्षं शिकून मोठ्या नृत्यमंडळीत नाचायला मिळणार होतं, पगारावर. वय सतरा, म्हणून फॉर्मवर बापाची सही हवी होती. पंजाबराव सकाळच्या गाडीने निघाले. अकोल्याला गाडी बदलेपर्यंत त्यांचा निर्णय झाला होता: सही नाही, पोरगी घरी.

सुभद्रेने ऐकून घेतलं. "दादा, न पायता तू वासरू तरी घेतं का? चाल, आंधी पाय. मंग बोल."

हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल. भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लाकडी दांडा ठोकलेला. गीतांजली मॅडम म्हणाल्या, "पौर्णिमा, बारवर ये." पोरीने दांडा धरला. "प्लिए." पोरीचे गुडघे दोन्हीकडे उघडले आणि ओळंबा सोडावा तशी ती सरळ खाली गेली, तशीच वर आली.

पंजाबरावांनी बहिणीकडे पाहिलं. तिने पदर तोंडात कोंबला होता.

"हा बार व्हय?"

"हाच. आन् प्लिए म्हनजे गुडघे वाकवनं. फ्रेंच हाये थे."

"डोम्याले सांगाले पायजे," ते म्हणाले आणि कोपऱ्यात उकिडवे बसले.

निर्णय मात्र अजून मोडला नव्हता. बारचा संशय फिटला म्हणून मुंबईची काळजी थोडीच फिटते? ते पाहत राहिले. पोरीच्या अंगठ्याला पट्ट्या होत्या, एक नख काळं पडलेलं. बुटांच्या टणक टोकावर ती उभी राही तेव्हा सारं वजन त्या बोटांवर येई आणि चेहऱ्यावर मात्र पाहुण्यांना चहा नेताना असतो तेवढाच ताण. एकच पाऊल तिने बावीस वेळा केलं. बाविसाव्या खेपेलाही तिचं मन पहिल्या खेपेइतकंच त्यात होतं. गड्यांत, नातलगांत, खुद्द स्वतःतही हा गुण पंजाबरावांनी फार वेळा पाहिला नव्हता.

मग गिरक्या आल्या. उजव्या पायावर तीन, लखलखीत. डाव्यावर दोन, आणि टाच खाली.

मॅडम हताश झाल्या. "शनिवारी दोन्ही पायांवर तीन मागतील. चार महिने घोटा बळकट करतोय आम्ही."

"घोट्यात खोट नाई," कोपऱ्यातून आवाज आला. "पौर्णिमे, डावा कधी मुरगळला व्हता?"

तिने मान खाली घातली. "दिवाळीच्या मांगं. सांगितलं असतं तं तुमी घरी नेलं असतं."

"नेलंच असतं." खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "एकडाव लंगडलेला..." पुढचा शब्द त्यांनी गिळला, मॅडमसमोर लेकीला बैलाच्या रांगेत बसवणं बरं दिसलं नसतं. "पाय दुरुस्त झाला तरी जीव भेते. पाय टेकायच्या आंधीच तू डावा खांदा उचलतं. भेव तिथं हाये. तो खाली ठेव."

मॅडमनी पोरीच्या डाव्या खांद्यावर दोन बोटं ठेवून तिला डाव्या पायावर चढायला लावलं; खांदा बोटांखाली उचलला गेला. "बरोबर बोलताहेत काका. पुन्हा कर."

पहिल्या पाच खेपा वाया गेल्या. सहाव्या खेपेला ती कोपरावर आपटली. सुभद्रा उठायला गेली. पंजाबरावांनी तिचा हात धरून ठेवला, आणि तो थोडा जास्तच घट्ट धरला. नवव्या खेपेला एक, दोन, तीन! आणि तिसरीनंतरही ती टोकावर उभीच राहिली. मग खाली आली. पडली नाही, आपल्या मर्जीने उतरली.

"कागद कुठं हाये?" पंजाबरावांनी विचारलं.

सही होईस्तोवर पोरगी धापा टाकत उभी होती. "बाबा, तीनशे जनी येतात. बाराच घेतात. नाई झालं तं?"

"बाकीच्याइचे पाय म्या पायले नाई. न पायता कसं सांगू? मी येतो शनिवारी."

"पालकांले आत सोडत नाई, बाबा."

त्यांनी जरा विचार केला. "मंग तूच पायून ये. कोन भेते, कोन नाई, कोन कुठं वजन टाकते, सारं घरी येऊन सांग मले. आन् खांदा खाली."

सुभद्रेने अकोल्याच्या गाडीची आठवण करून दिली. पंजाबरावांना ती ऐकू गेली नाही, कारण पौर्णिमा पुन्हा डाव्या पायावर उभी राहत होती.