केअर ऑफ ओव्हाळ

"भिंतीला खिळा ठोकायचा असंल तर इचारायचं न्हाई. ठोकायचा," भीमराज म्हणाला आणि त्याने कुलपाची चावी यशवंतच्या हातावर ठेवली. यशवंत कोकणातल्या खेडचा, कंपनीत नुकताच लागलेला.

प्रभावतीने तोंडाला पदर लावला. घरमालक होऊन नवऱ्याला उणापुरा अर्धा तास झाला होता आणि एवढ्यात अंगात उदारपणा संचारला होता. घर पाहावं बांधून, म्हणतात. कासारवाडीतल्या ह्या दोन खोल्या दोघांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून बांधल्या होत्या. आता नेहरूनगरात मोठं घर मिळालं, म्हणून ह्या भाड्याने द्यायच्या.

"अवो, पोराचं आडनाव तरी इचारलं का?" ती हळूच म्हणाली.

"न्हाई. आन् इचारनारबी न्हाई."

बासष्ट साली भीमराज कामाला लागला, तेव्हा सात दारांत त्याला आडनाव विचारलं गेलं होतं. ओव्हाळ म्हटलं की जात कळायची आणि खोली कालच गेलेली असायची. आपण मालक झालो की हा प्रश्न विचारायचा नाही, हे त्याने तेव्हाच पक्कं केलं होतं. पण गडी एक गोष्ट विसरला. भाडेकरूलाही मालकाचं नाव लागतं.

यशवंत ट्रंकेवर अंतर्देशीय पत्र पसरून बसला. "भाऊ, आयेला पत्ता कळवायचाय. केअर ऑफ कोण लिहू?"

नुसतं भीमराज सांगून भागलं असतं. प्रभावती त्याच्याकडेच बघत होती.

"लिवा," तो म्हणाला, "भीमराज धोंडीबा ओव्हाळ."

पेन थांबलं. भीमराजने नकळत चावी परत घ्यायला हात पुढे केला. यशवंतने पेन झटकलं, शाई उतरली आणि नाव लिहून झालं.

"पोरगं चांगलं हाय," वाटेत प्रभावती म्हणाली.

"वाचनार त्याची आई हाय. जुनं मानूस."

पुढे रोज शिफ्ट सुटली की त्याला वाटायचं, आज यशवंत चावी घेऊन दारात उभा असणार.

तीन आठवड्यांनी कासारवाडीचा जुना पोस्टमन रस्त्यात भेटला. नाव पाहून त्याने पत्र भीमराजच्याच हातात दिलं. खेडचा शिक्का होता. पत्त्यावर थरथरतं अक्षर होतं: 'चि. यशवंत यास, रा. रा. भीमराज धोंडीबा ओव्हाळ यांचे घरी.'

उभ्या जन्मात त्याच्या नावाआधी कुणी रा. रा. लावलं नव्हतं. त्याने ते चारदा वाचलं, डोळे भरून आले. आतला मजकूर मात्र त्याचा नव्हता. पत्र शर्टाच्या खिशात सरळ ठेवून तो कासारवाडीला गेला आणि आपल्याच जुन्या दाराची कडी वाजवून बाहेर उभा राहिला.