आपल्याला योग्य वाटेल तेव्हा, जावईबापू

माझे सासरे अप्पा मला कधी वावगा शब्द बोलले नव्हते, आणि त्यांचा हा चांगुलपणाच त्या सकाळी माझ्या मुळावर आला.

अप्पांचा छोटा ट्रक रोज खाणीवरच्या कॅन्टीनला पाण्याचे जार पोचवतो. त्यांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी बंद केली. माझा छापखाना बंद पडलेला. मी मुद्रितं तपासणारा माणूस, घरी बसून वर्तमानपत्रातल्या चुका काढत होतो. बायको म्हणाली, "अप्पांना सोबत घेऊन एक खेप नीट मारून दाखव. नाहीतर संध्याकाळी लाकूडवाला गाडी विकत घेऊन जाईल." मला ती गाडी हवी होती. दुसरं काही हातात नव्हतंच.

गाडी मला चालवता येते. घोडं पेंड खात होतं ते गिअरशेजारच्या छोट्या दांड्यापाशी. तो मागे ओढला की चारही चाकं जोर लावतात, पुढे ढकलला की फक्त मागची दोन. पण कधी ओढायचा आणि कधी ढकलायचा?

"अप्पा, इथं ओढू?"

"आपल्याला योग्य वाटेल तेव्हा, जावईबापू."

"म्हणजे आत्ता?"

"आत्ताही चालेल. तशी घाई नाही."

घाई नाही म्हणजे ओढू नको, की सावकाश ओढ? कच्च्या चढावर मी ओढला. पुढे कोरडा डांबरी रस्ता लागला. अप्पा काही म्हणाले नाहीत, म्हणून तसाच ठेवला. दोनापेक्षा चार बरे, हा आपला माझा हिशेब. पहिल्याच वळणावर स्टिअरिंग जड झालं, गाडी अडखळायला लागली, खालून कटकट ऐकू यायला लागली. अप्पांच्या कपाळावर घाम आला.

"काही चुकलं का?"

"छे छे, आपलं कसं चुकेल! कोरड्या रस्त्यावर काही लोक दोनवर चालवतात, इतकंच."

काही लोक! मी मुकाट्याने दांडा ढकलला. मग खडी लागली आणि अप्पा खोकले. इशारा असेल म्हणून मी ओढला. ते पुन्हा खोकले. मी ढकलला. असं चारदा झालं. शेवटी कळलं की त्यांना खडीची धूळ बाधत होती. माझं डोकं पार चक्रावून गेलं.

खाणीचं फाटक बंद होतं. अप्पांनी खिडकीतून मुंडी बाहेर काढली. "झोपा काढायचा पगार घेतोस काय रे? उघड!" पहारेकऱ्याने धावत येऊन फाटक उघडलं. अप्पा लगेच मऊ आवाजात म्हणाले, "हं, चला, जावईबापू." मला त्या पहारेकऱ्याचा हेवा वाटला. त्याला निदान काय करायचं ते कळलं होतं.

फाटकापलीकडे पाण्याची नळी फुटून उताराच्या तळाशी गुडघाभर चिखल झाला होता, आणि त्याला लागूनच उभा चढ. गाडी उताराला लागली. मी अप्पांकडे पाहिलं.

"आता, म्हणजे तसं पाहिलं तर, आपण..."

चिखल अगदी समोर आला.

"अरे गाढवा, माझं तोंड काय बघतोस! पाय उचल, ओढ तो दांडा! चिखलात शिरायच्या आधी, रुतल्यावर नव्हे! हां, आता हळूहळू दाब. ब्रेक मारलास तर याद राख!"

मी पाय उचलला, ओढला, हळूहळू दाबलं. गाडी डुलली, घसरली, पुन्हा सावरली आणि चढ चढून वर आली. सकाळपासून पहिल्यांदाच मला सगळं समजलं होतं.

वर आल्यावर अप्पांचा चेहरा पडला. "माफ करा, जावईबापू. जीभ घसरली."

मला एकदम भरून आलं. लग्नाला आठ वर्षं झाली, पण त्या घरात मी अजून पाहुणाच होतो. चांगली खुर्ची माझी, पहिला चहा माझा, आणि मी आत आलो की भांडणं बंद.

"अप्पा, रस्ता पुन्हा कोरडा लागलाय आणि मी चारवरच आहे. काय करू?"

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. आता 'योग्य वाटेल ते' येणार म्हणून मी श्वास रोखला.

"विचारतोस काय? ढकल की! सगळी चाकं खाशील माझी! आणि संध्याकाळी तो लाकूडवाला आला ना, तर त्याला दारातूनच परत पाठव. गाडी विकायची नाही म्हणावं."