अकरा मिनिटांची बादली

वरच्या नव्या खोलीतल्या नळाला करंगळीएवढी धार यायची आणि खाली पाणी धो धो. वरची जोडणी माझ्या लेकीने केली होती. तिचं एकटीचं ते पहिलंच काम. घरमालकीणबाईंनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, आज जमलं नाही तर उद्या दुसरा माणूस आणणार. जिन्यात उभा असलेला त्यांचा भाऊ म्हणाला, पाना हातात धरला म्हणून कोणी प्लंबर होत नाही.

त्या घराचे जुने पाइप मीच टाकलेले, लेक शाळेत होती तेव्हा. पुढेमागे वर खोली निघाली तर असावा म्हणून एक फाटा काढून त्याला टोपी लावून ठेवली होती. तिने नवा पाइप त्याच फाट्याला जोडला होता. मी सगळ्यांदेखत बोलून गेलो की माझं काम इतकी वर्षं थेंबभर गळलेलं नाही, पोरीनेच घाई केली असणार.

बोललो आणि जीभ चावली. तिने सरळ बादली उचलली. खालच्या नळाला बादली दोन मिनिटांत भरली, वरच्याला अकरा लागली. दोन्ही आकडे तिने पेन्सिलीने भिंतीवर लिहिले. नळाची जाळी काढून पाहिली, साफ होती. टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. भाऊ म्हणाला, टाकी डोक्यावरच आहे, उंची नाही तर जोर कुठून येणार, पंप बसवा. ती म्हणाली, उंचीमुळे दोनाचे तीन होतील, अकरा नाही होणार.

मग तिने व्हॉल्व्ह बंद करून स्वतःचाच सांधा उघडला. फाट्याच्या तोंडाखाली बादली ठेवली आणि मला व्हॉल्व्ह सोडायला सांगितलं. तिथेही तीच करंगळी. म्हणजे खोट तिच्या पाइपात नव्हती, माझ्यात होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "टोपी लावायच्या आधी आत काही घातलं होतंत का?"

तेव्हा गिलावा चालू होता. सिमेंट आत पडू नये म्हणून मी हाताला लागलेल्या फडक्याचा तुकडा फाडून त्याचा बोळा कोंबला होता. काढल्याचं काही आठवेना. आणि बोळा काढायला विसरू नकोस, हे मीच तिला शंभरदा बजावलेलं.

तिने तारेला आकडा करून आत घातला. हातभर आतून काळाकुट्ट बोळा निघाला. बादलीत खळबळून उलगडला तर निळ्या चौकड्या दिसल्या, फुग्याची बाही दिसली.

"हा फ्रॉक हरवला म्हणून आईने मला बदडलं होतं," ती म्हणाली.

बाईंना हसू आवरेना. भाऊ सावरून म्हणाला, शेवटी मिस्त्रींच्या पाइपातलं मिस्त्रींनीच शोधलं.

"चूक माझी," मी म्हणालो. "शोधलं तिने. इथली मिस्त्री ती आहे, मी पाना धरायला आलोय."

"मग नीट धरा की, हलतोय," लेक म्हणाली.

सांधा परत बसला. घड्याळ माझ्या हातात होतं. बादली तीन मिनिटांत भरली. तिने भिंतीवरचा अकरा खोडून तीन लिहिला, आणि बाईंनी खालच्या मोरीचं कामही तिलाच सांगितलं.

तो बोळा मी धुऊन माझ्या हत्यारांच्या पेटीला बांधलाय. कोणी विचारायचा अवकाश, अकराचे तीन कसे झाले ते मी पहिल्यापासून सांगतो.