पांढरा ठिपका

माझा नवरा वेधशाळेत फोटो पुसतो. म्हणजे दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातल्या काचेवर धुळीचे कण बसतात, त्यांचे डाग आकाशाच्या फोटोंवर उमटतात, अवकाशातले किरण आदळून पांढरे ठिपकेही पडतात, ते हा संगणकावर काढतो. घरात स्वतःचा कप उचलून ठेवणार नाही, पण आकाश मात्र लख्ख पाहिजे!

त्या संध्याकाळी आमच्या चार वर्षांच्या ठकूने त्याच्या कामातला एक निळा तेजोमेघ, म्हणजे ताऱ्यांमधल्या धुळीचा ढग, बघितला आणि हटून बसली. धूळ का चमकते? मग काय, बापाने पडदे ओढले, माझ्या पावडरचा अर्धा डबा हवेत उडवला आणि टॉर्च लावला.

"बघ, धुळीला स्वतःचा उजेड नसतो. शेजारच्या ताऱ्याचा उजेड तिच्यावर पडतो आणि तिथून उडून आपल्याकडे येतो. बारीक धूळ निळा उजेड जास्त उधळते, म्हणून मेघ निळा."

"मग धुळीला तारा दिसतो?"

"धुळीला कुठले गं डोळे!"

ती खिदळत टॉर्चसमोर आली. झोत चेहऱ्यावर पडला आणि तिच्या डाव्या डोळ्यात, काळ्या बाहुलीच्या जागी, पांढरं काहीतरी चमकलं.

"गेली ना पावडर डोळ्यात!" मी ओरडले. "नसते उद्योग करायला सांगितलेत कुणी?" डोळा पाण्याने धुतला, रुमालाने टिपला, पुन्हा टॉर्च धरला. पांढरं तिथेच होतं. आत होतं. उजव्या डोळ्यात तसं काही नव्हतं.

मग भिंतीवरचे तिचे फोटो आठवले. जवळ जाऊन एकेक निरखला. सगळ्यांत दोन्ही डोळे काळेभोर. जिवात जीव आला.

"उगाच घाबरले. काही असतं तर फोटोत आलं नसतं का?"

नवऱ्याचा चेहरा उतरला होता.

"मी पुसलंय," तो म्हणाला.

"काय पुसलंयस?"

"डोळ्यात ठिपका यायचा. फ्लॅशमुळे असेल म्हटलं. हातच तसा बसलाय गं, पांढरा ठिपका दिसला की..."

मूळ फोटो त्याने जपून ठेवले होते, कामाची सवय म्हणून. ते उघडत गेला. सहलीच्या फोटोत ठिपका टाचणीच्या टोकाएवढा. वाढदिवसाच्या फोटोत मोहरीएवढा. बालवाडीतल्या ताज्या फोटोत अख्खी बाहुली पांढरी. मला त्याची गचांडी धरावीशी वाटली. पण तो रडत होता, ठकू टकामका बघत होती, आणि मला इतकी भीती वाटत होती की रागाला जागाच उरली नाही.

सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी खोलीत अंधार केला. ठकूला बापाने मांडीवर घट्ट धरलं होतं. बाई बराच वेळ डोळ्यात बघत राहिल्या.

"आत गाठ वाटतेय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आजच मोठ्या रुग्णालयात जा. बाहेर पसरली नसेल तर मूल हाती लागतं."

"आणि डोळा?" मी विचारलं.

त्यांनी ठकूचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि टॉर्च डाव्या डोळ्यासमोर धरला, अगदी पापणीजवळ. डोळा आतून पांढराशुभ्र उजळला.

"आई," ठकू म्हणाली, "लाइट गेली का?"